व्यायामाचा राग कसा घालवायचा? (सोलापूरच्या उन्हासकट)

कंबर_तलाव

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पार्क मैदानावर आणि कंबर तलावाच्या काठी चालणाऱ्यांची रांग लागते, होळी झाली की ती विरते. विचारलं तर सगळे 'वेळ मिळत नाही' म्हणतात. वेळ हा बहाणा. मुळात व्यायामाचा राग बसलेला असतो, आणि तो बसावा अशीच आपण त्याची मांडणी केलेली असते.

कोणता व्यायाम करावा यावर इथं भरपूर लिहून झालंय. व्यायामाकडे बघायची नजर कशी बदलते, 'हे शरीर आपलं एवढं काम करतंय, बरं आहे बाबा' असं मनापासून कधी वाटू लागतं, त्यावर इथं लिहा. नेमकं लिहा. 'सकारात्मक राहा' छापाचं नको.

सुरुवात मी करतो.

पहिली चूक, व्यायाम दंड म्हणून करणं. 'काल भजी झाली, आज पाच फेऱ्या जास्त.' हा हिशोब कधीच जमत नाही. साधारण ६० किलोचा माणूस सपाटीवर १ किलोमीटर चालला तर ५० कॅलरीच्या आसपास जळतात. भाकरीवर दोन मोठे चमचे शेंगाचटणी घेतली, ३० ग्रॅम धरा, तर तीच दीडशेच्या वर गेली. म्हणजे नुसत्या चटणीसाठी तीन किलोमीटर, भाकरी अजून शिल्लकच. महिन्याभरात माणूस एक तर चटणीवर रागावतो नाही तर चालण्यावर, आणि सोलापुरात चटणीच जिंकते. खाण्याचा हिशोब ताटात करा, मैदानावर नको.

दुसरी चूक, शेवटी जोर काढणं. अर्धा तास रमतगमत चालायचं आणि शेवटची फेरी जीव तोडून. व्यायाम संपताना जसं वाटतं तेच मनात राहतं, दुसऱ्या दिवशी बूट घालताना तेच आठवतं. झेन्को, एक्केकाकिस आणि एरिअली यांनी २०१६ साली हे सायकलवर तपासलं. एका गटाला सोप्याकडून अवघडाकडे नेलं, दुसऱ्याला अवघडाकडून सोप्याकडे. एकूण मेहनत सारखीच होती, तरी उतरत्या क्रमानं केलेल्यांना तोच व्यायाम जास्त आनंदाचा वाटला, नंतर आठवतानाही. तेव्हा ३० मिनिटांची मांडणी अशी करा: ५ मिनिटं हळू (हे अंग गरम करायला, हे सोडायचं नाही), १० मिनिटं झपाझप, मग १० मिनिटं मध्यम, शेवटची ५ अगदी निवांत.

तिसरी गोष्ट, जोर किती असावा. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये. वाक्य मध्येच तुटायला लागलं की बहुतेकांना मजा येणं थांबतं. जोरात धावणाऱ्यांनी खुशाल धावावं, पण ज्याचा व्यायामावर आधीच राग आहे त्यानं पहिले दोन महिने ही रेषा ओलांडू नये.

चौथी, नोंद. वजन लिहू नका. पाणी, मीठ, पोट साफ असणं-नसणं यावर ते एका दिवसात किलोभर सहज हलतं. शरीरानं काय काम केलं ते लिहा, आठवड्यातून एकदा, तीन-चार ओळी. 'गुरुवारी पाणी आलं, पंधरा कळशा वरच्या मजल्यावर नेल्या, कंबर गप्प राहिली.' एमन्स आणि मॅक्कलो यांचा २००३ चा अभ्यास यावर नेहमी सांगितला जातो: दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, काही विद्यार्थ्यांनी ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहिलं, काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटानं व्यायाम जास्त केल्याचं सांगितलं. 'सांगितलं' हा शब्द ध्यानात ठेवा, कुणी मोजलेलं नाही. पण खर्च शून्य आहे.

नाठाळ_सोलापूरकर

का बे, आता पोटऱ्यांनाही थँक्यू म्हणायचं का? तालमीत कुणी वही घेऊन बसत नव्हतं. पहाटे उठायचं, जोर मारायचे, घरी यायचं. आवडतंय की नाही हे विचारलंच नाही म्हणून ते टिकलं.

लाल_माती

मालक, तालमीत वही नव्हती, पण बाकी सगळं होतं की. आत आल्यावर आधी मारुतीला नमस्कार. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत उतरताना ती कपाळाला. ती मातीही कशी, ताक, हळद, तेल घालून मळलेली, रोज खोऱ्यानं उकरून मोकळी केलेली. आपण ज्याच्यावर पडणार त्याची मशागत आधी आपणच करायची. उकरण्यात अंगही गरम होतं आणि मनही जागेवर येतं. आवडतंय का हे विचारायची वेळ येत नव्हती कारण सुरुवात ठरलेली होती. घरी सतरंजीवर करणाऱ्यानं तेवढं तरी उचलावं: जागा झाडायची, सतरंजी अंथरायची, नमस्कार करायचा, मग पहिला जोर. ही दोन मिनिटं रोज सारखीच ठेवायची.

आणि तालमीत पहिल्या दिवशी शंभर बैठका मारायला लावत ही दंतकथा आहे. जाणता वस्ताद असं करत नाही. नवख्यानं एक दिवस आड ५-५ जोरांच्या तीन पाळ्या, १०-१० बैठकांच्या तीन पाळ्या, पाळ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं दम. दर आठवड्याला पाळीमागे दोनच वाढवायच्या.

चुकतं कुठं तर जोर मारताना कंबर खाली झोळ खाते. पोट आणि कुल्ले आवळले की झोळ जातो, तरी राहिला तर हात ओट्यावर किंवा पलंगाच्या कडेवर टेकवून करा. मनगट दुखत असेल तर तळवा सपाट न ठेवता लाकडी हत्थ्यावर मूठ धरा. पारंपरिक बैठकीत टाचा उचलल्या जातात, भार चवड्यावर आणि गुडघ्यावर येतो. सरावलेल्याला चालतं, चाळिशीत नव्यानं सुरू करणाऱ्याला नाही. त्यानं टाचा टेकवून, खुर्चीपर्यंत.

अंग आंबण्याबद्दल थोडं, कारण निम्मे लोक तिथंच रागावतात. सवय नसलेलं काम केलं की २४ ते ७२ तासांत दुखणं सर्वांत जास्त असतं. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा, म्हणजे बैठकीत खाली जाताना, जिना उतरताना, त्याला बारीक इजा होते आणि ती भरून निघताना दुखतं. 'लॅक्टिक ॲसिड साचलं' म्हणतात ते खरं नाही, ते तासाभरात निघून जातं. तेच काम आठवड्यानं पुन्हा केलं तर बरंच कमी दुखतं. म्हणून दुखलं की बंद करायचं नाही, कमी करायचं: हलकं चालणं, निम्म्या बैठका. एकच अपवाद. स्नायू टणक सुजलेत, हात-पाय उचलत नाहीत आणि लघवी काळपट चहासारखी होते आहे, तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आल्याची ती खूण असते. पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं दोनशे-तीनशे बैठका मारणाऱ्यांत हे होतं.

नाठाळ_सोलापूरकर

मारुतीचं पटलं. वहीचं नाही.

सावली_शोधक

उन्हाबद्दल कुणी बोलत नाहीये. मे महिन्यात ४२-४४ डिग्रीत कसली कृतज्ञता?

इथल्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठा घोळ होतो तो घड्याळातल्या वेगाचा. जानेवारीत जो वेग सहज येतो त्याच वेगाला मे महिन्यात ठोके मिनिटाला दहा-पंधरानं जास्त पडतात, कारण रक्त एकाच वेळी स्नायूंनाही लागतं आणि कातडी थंड करायलाही. ॲप सांगतं 'तुम्ही मागे पडलात', माणूस खट्टू होतो. मागे पडलेला नसतो, जास्त काम केलेलं असतं. तेव्हा एप्रिल ते जून वेग बघूच नका. मिनिटं मोजा आणि बोलता येतंय का ते बघा.

मे महिन्यात इथं सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो, म्हणजे सव्वापाचला बाहेर आणि सव्वासहाला घरात. संध्याकाळी सातला ऊन गेलं तरी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात. किल्ल्याची बाग किंवा झाडांखालची मातीची वाट रस्त्यापेक्षा बरी. हिवाळ्यात उजाडायलाच सात होतात, तेव्हा घड्याळ बदला, नाहीतर अंधारात उठायचा वैताग व्यायामाच्या माथी बसतो.

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. मार्चअखेर एकदम उष्मा वाढला की त्या दोन आठवड्यांत वेळ निम्मी करा, मग हळूहळू परत न्या. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. बाहेरगावी थंड हवेत काही आठवडे राहून आलात तर पुन्हा सवय करावी लागते.

पाऊण तासापेक्षा जास्त वेळ असेल तर दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिलिलिटर पाणी. फार घाम गेला तर घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढवू नका. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

थांबायच्या खुणा: डोकं ठणकणं, मळमळ, उन्हात असूनही अंगावर काटा, पोटरीत गोळे. सावलीत बसा, कपडे ओले करा, वारा घ्या. यासाठी आपला जाड टर्किश टॉवेल नको, तो भिजून नुसता लपेटला जातो आणि वारा आत जात नाही. पातळ पंचा ओला करा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर १०८ आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहणं. त्याच्या तोंडात पाणी घालू नका.

सूप_आणि_कात्री

हा धागा सगळा नोकरदारांचा दिसतोय. या शहरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर पाळी करणारे आहेत. त्यांना '१० हजार पावलं चाला' सांगणं म्हणजे थट्टा. तो दहा हजारांचा आकडाही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या संशोधनातून नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलं त्यात पावलं नाहीत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचं काम, आणि सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट काढून टाकली. दोन मिनिटंही धरायची.

इथं एक अभ्यास कामाचा आहे. क्रम आणि लँगर, २००७. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांपैकी काहींना फक्त एवढंच सांगितलं की तुमचं हे काम व्यायामाच्या शिफारशीत बसतं. चार आठवड्यांनी त्यांचं वजन सरासरी किलोभर आणि वरचा रक्तदाब सुमारे १० नी उतरलेला दिसला, बाकीच्यांचा नाही. अभ्यास लहान होता, नंतरच्या सगळ्याच प्रयत्नांत तसं दिसलेलं नाही, म्हणून 'नुसतं मानलं की वजन उतरतं' असं कुणी पसरवू नये. पण आपण दिवसभर जे करतो ते शरीर खरंच करत असतं, त्याची गणती करणं फुकट आहे आणि न्यायाचंही.

मात्र रोजची मजुरी एकाच बाजूनं झिजवते, तिथं व्यायाम म्हणजे उलट दिशेची हालचाल. विडीला मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली, बोटं आखडलेली. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं: खांदे मागे फिरवणं १०, भिंतीला पाठ टेकून हनुवटी मागे ओढणं १०, बोटं पूर्ण ताणून ५ सेकंद, असं ५ वेळा. दुपारी उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं १०. सगळं मिळून चार मिनिटं. हजार विड्यांचा हिशोब त्यानं चुकत नाही. मागावर पाळी करणाऱ्यांना उभं राहून पोटऱ्या भरतात, त्यांनी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली १५, आणि पाळी संपल्यावर पाय भिंतीला लावून पाच मिनिटं पडायचं.

जुळे_सोलापूर_१

साठी ओलांडलेल्या, मधुमेह आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्यांना यातलं काय? त्यांना व्यायाम म्हणजे दुखणंच वाटतं.

सांधेजोड

त्यांच्यासाठी तर फायदा सगळ्यात लवकर दिसतो, फक्त कुठं बघायचं ते माहीत हवं.

साखर: जेवणानंतर लगेच १०-१५ मिनिटं चालणं. जेवणानंतरची साखर त्यानं कमी चढते, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस जेवणानंतर बसून आणि एक दिवस चालून, दोन्ही वेळा तेच जेवण, दोन तासांनी मोजा. कागदावरचे दोन आकडे जे काम करतात ते शंभर उपदेश करत नाहीत.

सावधगिरी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल आणि व्यायामाआधी साखर १०० च्या खाली असेल तर आधी लहान केळं वगैरे खा. खिशात साखर ठेवा. थरथर, घाम, गरगर झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा, ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी चालायचं नाही, आणि रात्री तळवे आरशात बघायचे.

गुडघे: झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम हाच पहिला उपचार. खुर्चीवरून उठ-बस करा. खुर्ची भिंतीला टेकवा, उंची कमी वाटली तर वर उशी ठेवा, हात छातीशी. खाली बसताना तीन मोजत बसा, धपकन नको. ५ च्या दोन पाळ्या, एक दिवस आड, महिन्याभरात १० च्या तीन. उशी काढली तो दिवस नोंदवा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर चालतं. त्यापेक्षा जास्त किंवा गुडघा सुजला तर पुढच्या वेळी निम्मं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्यामुळे नाही, मेंदू जास्त तंतू कामाला लावायला शिकतो म्हणून. त्यामुळे मांडी तेवढीच दिसली तरी जिना सोपा होतो.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप: इथं कृतज्ञता वगैरे काही नाही, थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

कोजागरी_पायी

तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं. वर्षभर दुचाकीवरून खाली उतरायचं नाही आणि कोजागरीला एकदम साधारण ४५ किलोमीटर, तेही बरेच जण अनवाणी. आईचे उपकार मानतात, टाचेचे मानत नाहीत.

आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून एक लांब चाल: ६, ८, १०, ८, १२, १५, १८ आणि शेवटच्या आठवड्यात फक्त ८ किलोमीटर. मध्ये तीन दिवस अर्धा-अर्धा तास. अनवाणी जायचं असेल तर मातीवर दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. कातडी जाड व्हायला वेळ लागतो आणि तळव्याच्या बारीक स्नायूंना त्याहून जास्त. बूट घालणार असाल तर नवे घेऊन निघू नका.

फोड आला तर सोलू नका. लहान असेल तर नुसता झाका. टच्च भरलेला आणि चालताना दुखणारा असेल तर जंतुनाशकानं पुसलेल्या सुईनं कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, पट्टी लावा. मधुमेह असेल तर हे घरी करायचं नाही.

नाठाळ_सोलापूरकर

माझा मूळ आक्षेप अजून तिथंच आहे. घरात आजारपण आहे, कुणी गेलंय, मासिक पाळी चालू आहे, डोकं उठलंय. अशा दिवशीही 'आभार' लिहायचे? ही जबरदस्तीची गोडी झाली.

सांधेजोड

आक्षेप बरोबर आहे. वाटलंच पाहिजे अशी अट घातली की तोही एक दंड होतो. अशा दिवशी वहीला हात लावू नये. व्यायाम पाच मिनिटांवर आणावा किंवा सोडावा. आणि फक्त व्यायामच नव्हे, एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त नकोशा वाटत असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आळस नसतो. डॉक्टरांना दाखवा.

गुलमोहर_होटगीरोड

घरच्या बायकांना सकाळी वेळ मिळत नाही हे बहाणा नाही हं कंबर_तलाव. पाणी येतं त्या दिवशी तर नाहीच. तो दिवस ताकदीचा धरून टाका: भरलेली बादली दोन्ही हातांत सारखी, एकाच हातात नको, उचलताना गुडघे वाकवून, वळताना कंबरेत पिळा न देता पाय वळवून.

बाकी दिवशी 'जर-तर' ठरवा. 'कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत ओट्याला हात टेकून जोर.' नुसतं 'उद्यापासून करेन' याला अर्थ नाही. सवय लागायला २१ दिवस ही समजूतही चुकीची. २०१० च्या लंडनमधल्या एका अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत. आणि मध्ये एखादा दिवस गेला तर फरक पडला नाही.

आवडती मालिका किंवा जुनी गाणी फक्त चालतानाच ऐकायची, एरवी नाही, ही युक्ती चालते. रस्त्यावर एकच कान झाका.

जुळे_सोलापूर_१

आठवडा कोरा गेला तर वहीत काय लिहायचं?

कंबर_तलाव

गुलमोहर ताई, मान्य. बहाण्याचा शब्द मागे.

कोरा आठवडा कोराच सोडा, मागून भरू नका. पुढच्या वेळी एकच ओळ पुरे. नमुने देतो: 'सातरस्त्यावरून स्टेशनपर्यंत पिशवी घेऊन चाललो, रिक्षा केली नाही.' 'खुर्चीची उशी काढली.' 'रात्री एकदाही जाग आली नाही.' 'शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून गेले, नाहीतर गेले नसते.' ज्याच्यामुळे घडलं त्याचं नाव येऊ द्या. 'शरीर निरोगी आहे' असलं मोघम लिहिलं की दोन आठवड्यांत कंटाळा येतो. रोज लिहिलं तरी येतो.

नाठाळ_सोलापूरकर

वही हरवते.

गुलमोहर_होटगीरोड

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाचे खाडे लिहिता त्याच चौकोनात. रविवारच्या. पेन खिळ्याला दोरीनं बांधून ठेवा, नाहीतर पोरं नेतात.